वाचकांचे प्रश्न : वंशावळ आणि वडिलोपार्जित शेतजमीन

गेल्या दोन अंकांत सातबारा वाचण्याविषयी लिहिल्यापासून वाचकांची पत्रे वाढली आहेत. त्यांतील बहुतेक पत्रांचे मूळ एकच आहे. जमीन सगळ्या घराची, कसली सगळ्यांनी, पण कागदावर नाव एकाचे, आणि ते एक माणूस गेल्यावर उरलेल्यांना आपले नाते सिद्ध करावे लागते. आलेल्या पत्रांपैकी पाच निवडून त्यांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि गावे मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : आमचे गाव सातारा जिल्ह्यात आहे. माझे पणजोबा १९३८ मध्ये वारले. त्यांना तीन मुलगे होते. त्यांची अकरा एकर जमीन थोरल्या मुलाच्या, म्हणजे माझ्या चुलत आजोबांच्या नावे लागली. माझे आजोबा मधले. धाकटे लग्नापूर्वीच १९४९ मध्ये गेले. विहिरीकडचे साडेचार एकर आधी आजोबांनी, मग वडिलांनी कसले आणि आज मी कसतो. सातबारावर आमच्या शाखेचे नाव मात्र कधीच लागले नाही. थोरल्या शाखेतील चुलते दोन वर्षांपूर्वी वारल्यावर त्यांच्या मुलांची वारस नोंद झाली. आता ते म्हणतात की तुम्ही आमच्या परवानगीने कसता, तुमचा हक्क नाही. आम्ही काय करावे?

उत्तर : सर्वांत आधी १९३८ च्या सुमाराचा वारसाचा फेरफार, म्हणजे सातबारावरचे नाव बदलल्याची महसुली नोंद, शोधा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा पहिला कायदा १९०३ चा आहे, त्यामुळे पणजोबांच्या मृत्यूनंतर तुमच्या गावी फेरफार लिहिला गेला असण्याची शक्यता फार मोठी आहे. त्या फेरफारात थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' अशी अक्षरे आहेत का, ते पाहावे. 'एकत्र कुटुंब मॅनेजर' किंवा 'एकत्र कुटुंब कर्ता' असा त्यांचा अर्थ. शेतसारा एकाकडून वसूल करणे सरकारला सोयीचे होते, पुढे सोसायटीलाही कर्ज एकाच्या नावावर देणे सोपे वाटले, म्हणून घरातल्या वडील माणसाचे नाव लावण्याची पद्धत पडली. नाव त्याचे लागले तरी तो एकटा मालक झाला, असे त्या काळी कोणीच मानत नव्हते. त्याच्या धाकट्या भावांना तर तशी शंकाही आली नसेल.

घोटाळा पुढे झाला. सातबाराची पाने दर दहा वर्षांनी नव्याने लिहिली जात. एका वहीतून दुसऱ्या वहीत नाव उतरवताना नाव राहिले आणि त्यापुढची तीन अक्षरे गळाली, असे मी अनेक गावांच्या दप्तरात पाहिले आहे. कोणी कपट केलेच असे नाही. पण अक्षरे गळाल्यावर पुढच्या पिढीला ते नाव मालकाचे वाटू लागते, आणि त्या माणसाच्या मृत्यूनंतर फक्त त्याच्याच मुलांची वारस नोंद होते. तुमच्याकडे बहुधा हेच घडले आहे.

शोध आजच्या सातबारापासून मागे न्यावा. सातबारावर खातेदारांच्या नावांजवळ वर्तुळात जे आकडे असतात, ते फेरफाराचे क्रमांक होत. प्रत्येक आकड्याचा फेरफार, म्हणजे गाव नमुना सहामधील नोंद, मागवावी. जुन्या हस्तलिखित सातबारावर काही नावे कंसात दिसतील. नावाला कंस याचा अर्थ ते नाव कमी झाले. का कमी झाले, ते त्या क्रमांकाचा फेरफार सांगतो. अलीकडचे फेरफार तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) मिळतात, जुने तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात. त्याही मागे जायचे असेल, तर कडई पत्रकाची नक्कल मागावी. गावातील प्रत्येक खातेदार, त्याचा सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि आकार (शेतसारा) त्यात मिळतो, आणि पणजोबांचे नाव वडिलांच्या नावासह तेथे सापडले, तर जमीन त्यांची स्वकष्टार्जित की त्यांनाही वारशाने आलेली, याचाही उलगडा होतो. जमिनीचे तुकडे एकत्र करण्याची एकत्रीकरण योजना लागू झालेल्या गावांत जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले आहेत. कोणत्या नंबराचा कोणता गट झाला, हे सांगणारी पत्रके तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात असतात. तो दुवा जोडला नाही, तर १९३८ चा फेरफार वेगळ्याच जमिनीचा आहे, असे समोरचा पक्ष म्हणू शकतो.

हिश्शाचा हिशेब करताना धाकट्या भावाच्या मृत्यूचे वर्ष फार महत्त्वाचे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. वारसा कोणत्या कायद्याने जायचा, हे माणसाच्या मृत्यूच्या तारखेवर ठरते. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ रोजी लागू झाला. धाकटे त्याआधी, अविवाहित आणि एकत्र कुटुंबात असताना वारले असल्याने त्यांचा एकतृतीयांश हिस्सा मागे राहिलेल्या दोन भावांत विरून गेला. म्हणून आज दोन्ही शाखांचा हिस्सा निम्मा-निम्मा होतो, साडेपाच-साडेपाच एकर. जुन्या कागदात प्रत्येक भावापुढे '५ आणे ४ पै' असे लिहिलेले आढळले, तर गोंधळून जाऊ नये. सोळा आण्यांचे तीन सारखे भाग केले की ५ आणे ४ पै होतात. ती नोंद तिघे हयात असतानाची. मात्र १९४९ हे वर्ष केवळ घरच्यांच्या आठवणीवर ठेवू नका. गाव नमुना चौदा, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात त्या वर्षाच्या मृत्यूंची नोंद शोधा आणि नक्कल घ्या.

तुमच्या आजोबांना मुली असतील, तर त्या किंवा त्यांची मुले तुमच्या शाखेच्या वंशावळीत आलीच पाहिजेत. दोन शाखांचा वाद सोडवताना आपल्याच शाखेतील आत्याला वगळून कागद करणारे लोक मी पाहिले आहेत. असा कागद न्यायालयात उघडा पडतो आणि मग त्याच्या बाकीच्या खऱ्या मजकुरावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आता सातबारा किती मानायचा, हा प्रश्न उरतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार हक्कनोंदणीतील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. उलट सिद्ध करण्याची वाट कायद्यानेच मोकळी ठेवली आहे, आणि महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितले आहे. चुलत भावांची वारस नोंद झाली, म्हणून तुमचा हिस्सा नाहीसा झालेला नाही. पण न्यायालय नुसते एकत्र कुटुंब होते एवढ्यावर जमीनही एकत्र होती, असे गृहीत धरत नाही. जमीन पणजोबांकडून आली, हे तुम्हाला दाखवावे लागेल, आणि तेथेच १९३८ चा फेरफार आणि कडई पत्रक उपयोगी पडते. वहिवाटीसाठी पीकपाहणीच्या नोंदी, वडिलांच्या नावावरच्या शेतसाऱ्याच्या पावत्या, विहिरीच्या वीजजोडणीचे बिल, कारखान्याकडची ऊसनोंद, असे जे मिळेल ते गोळा करा.

मार्ग दोन आहेत. ए.कु.मॅ. ही अक्षरे केवळ नक्कल करताना गळाली, हे दोन वह्यांचे उतारे शेजारी ठेवून दिसत असेल, तर लेखनप्रमादाची दुरुस्ती म्हणून कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. परंतु समोरचे तुमचा हक्कच नाकारत असल्याने तहसीलदार हा वाद दिवाणी न्यायालयाचा आहे, असे म्हणण्याची शक्यता अधिक आहे, आणि ते चूकही ठरणार नाही. म्हणून वाटपाचा दिवाणी दावा आणि त्यासोबत जमीन विकण्यास मनाईचा अर्ज, हीच तयारी ठेवा. 'तुमचा हक्क नाही' हे त्यांनी पहिल्यांदा कधी आणि कोणासमोर म्हटले, ती तारीख लिहून ठेवा. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळल्याचे कळल्यापासून बारा वर्षांच्या आत दावा करावा लागतो. बारा वर्षे पुष्कळ वाटतात, पण साक्ष देऊ शकणारी ऐंशी वर्षांची माणसे तोवर राहत नाहीत.

प्रश्न : माझे लग्न १९८७ मध्ये झाले. वडील २००१ मध्ये वारले. आम्ही दोन बहिणी, दोन भाऊ. आई २०१६ मध्ये गेली. परवा सातबारा पाहिला, तेव्हा कळले की २००१ च्या वारस नोंदीत फक्त आई आणि दोन भाऊ आहेत. भाऊ म्हणतात की लग्नात तुमचा खर्च झाला, शिवाय तुम्ही कधी मागितले नाही. मला माहेर तोडायचे नाही. पण आम्ही दोघी वडिलांच्या मुली नव्हतो, असे कागद म्हणतो, ते सहन होत नाही. (पुणे जिल्हा)

उत्तर : तुमचे शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. वारस नोंदीसाठी दिलेल्या वंशावळीत मुलींची नावे न लिहिणे हा आपल्याकडे इतका अंगवळणी पडलेला प्रकार आहे, की करणाऱ्यांना तो खोटेपणा वाटतच नाही. तो खोटेपणाच आहे. वंशावळीसोबतच्या प्रतिज्ञापत्रात 'याव्यतिरिक्त अन्य वारस नाहीत' असे शपथेवर लिहिलेले असते, आणि जिवंत बहीण असताना तसे लिहिणे हा गुन्हा होतो.

हक्काचे म्हणाल, तर महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद (जन्मानेच हिस्सेदार) केले, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली त्यात नव्हत्या, त्यामुळे तुम्ही त्या दुरुस्तीबाहेर राहिलात. भाऊ कदाचित अजून त्याच आधारावर बोलत असतील. केंद्राच्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून दुरुस्ती झाली, आणि तीत लग्नाच्या तारखेची अट नाही. वडील त्या तारखेला हयात असले पाहिजेत का, यावर बरीच वर्षे उलटसुलट निकाल येत राहिले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुलीचा हक्क जन्माने आहे आणि वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही. वाटप २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झाले असेल, तरच ते अबाधित राहते. तोंडी वाटप झाले होते, असे आज सांगितले, तर न्यायालय ते सहज मानत नाही.

वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर त्यांच्या मृत्यूनंतर आई आणि चार मुले यांचा प्रत्येकी एकपंचमांश हिस्सा होतो, आणि आईही मृत्युपत्र न करता गेली असेल, तर तिच्या हिश्शाचे चार भाग होऊन आज तुम्हा चौघांचा प्रत्येकी एकचतुर्थांश. लग्नातला खर्च या हिशेबात कोठेही येत नाही. मागितले नाही, म्हणजे सोडले, असेही होत नाही. स्थावर मिळकतीतील हक्क सोडायचा, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. तलाठ्यासमोरचा जबाब किंवा साध्या कागदावरची सही त्याची जागा घेऊ शकत नाही.

माहेर तोडायचे नसेल, तर दाव्याने सुरुवात करण्याची गरज नाही. दोघी बहिणींनी भावांना पत्र लिहून कळवावे की २००१ चा फेरफार अपुरा आहे, आपण चौघे मिळून अर्ज करू आणि आमची नावे लावून घेऊ. वाटप करायचे की नाही, हे त्यानंतर ठरवू. पुष्कळ घरांत एवढ्याने भागते, कारण भावांना भीती जमीन जाण्याची असते, नाव लागण्याची तितकी नसते. ते तयार झाले नाहीत, तर २००१ च्या नोंदीविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली अपील करता येते. त्याची मुदत साठ दिवसांची आहे, त्यामुळे उशीर माफ करण्याचा अर्ज जोडावा लागेल, आणि तुम्हाला कलम १५० प्रमाणे नोटीस मिळालीच नव्हती, हा उशिराचा खरा खुलासा आहे. शेवटचा उपाय दिवाणी न्यायालयातील वाटपाचा दावा. आणि हो, नाव लागल्यानंतर कोणी 'फक्त सही कर' म्हणून हक्कसोडपत्र पुढे केले, तर ते घरी आणून दोन दिवस वाचल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न : आमचे गाव धाराशिव जिल्ह्यात आहे. जातीच्या दाखल्यासाठी आम्ही खापरपणजोबांपर्यंतची वंशावळ तयार केली. तीच जमिनीच्या वारस नोंदीसाठी चालेल का? जुने कागद उर्दूत आणि मोडीत आहेत, आणि त्यावरची वर्षे कळत नाहीत.

उत्तर : २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मराठवाड्यात शेकडो घरांनी प्रथमच आपली वंशावळ कागदावर मांडली. त्यानिमित्ताने जुन्या दप्तरांवरची धूळ झटकली गेली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण ती वंशावळ जमिनीसाठी जशीच्या तशी वापरू नका. दाखल्याची वंशावळ एका ओळीत वर चढते. अर्जदार, वडील, आजोबा, पणजोबा आणि ज्याच्या नावापुढे नोंद सापडली तो पूर्वज, एवढी साखळी जुळली की काम होते. पणजोबांच्या भावांची नावे गाळली तरी दाखला अडत नाही. जमिनीची वंशावळ वरून खाली पसरली पाहिजे. ज्याच्या नावावर जमीन होती, तो मूळपुरुष वर लिहून त्याची सगळी मुले, मुली, त्या प्रत्येकाची मुले, कोण निपुत्रिक वारले, कोणाची विधवा मागे राहिली, कोण दत्तक गेले आणि कोण दत्तक आले, असे सगळे लिहावे लागते, आणि प्रत्येक मृत नावाखाली मृत्यूची तारीख किंवा निदान वर्ष. निपुत्रिक वारलेल्यांना लोक हमखास गाळतात. त्यांच्याच हिश्शामुळे उरलेल्यांचे आकडे बदलतात, हे पहिल्या प्रश्नात दिसले आहे.

तुमच्या भागात शोधाचा मुख्य आधार १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक. कोणत्या नंबरावर कब्जेदार कोण आणि कूळ कोण, हे त्यात नोंदवलेले आहे, आणि पूर्वीच्या हैदराबाद राज्यातील बहुतेक जमिनींचे वाद शेवटी त्या पत्रकापर्यंत येतात. त्याआधीच्या कागदांवर फसली साल, म्हणजे महसुली कामासाठीचे साल, असते. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन साधारण मिळते. म्हणजे फसली १३६४ हे १९५४-५५ चे वर्ष. शके लिहिलेले असेल, तर ७८ मिळवा. दोन्हींत वर्षारंभ वेगळा असल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, म्हणून महिनाही उतरवून घ्यावा.

नावांबाबत एक खबरदारी घ्या. या कागदांत आडनाव बहुधा नसते. 'अमुक वल्लद तमुक' किंवा 'अमुक बिन तमुक' म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, आणि बाईच्या नावापुढे 'कोम' किंवा 'भ्रतार' आले की त्यानंतरचे नाव नवऱ्याचे. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या आपल्या चालीमुळे दोन नावे पिढ्यान्‌पिढ्या आलटून पालटून येतात. समजा 'राणू वल्लद बाळा' ही नोंद सापडली. ती तुमच्या पणजोबांची असेल किंवा त्यांच्या आजोबांचीही असेल. वर्ष, सर्व्हे नंबर आणि शेताचे नाव या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय ती आपली मानू नका. शेताचे नाव हा दुवा लोक विसरतात. नंबर बदलतात, गट पडतात, पण 'चिंचेचा माळ' किंवा 'खालची पट्टी' हे नाव घरात चार पिढ्या तसेच बोलले जाते, आणि कधी कधी जुन्या खरेदीखतात चतुःसीमेत तेच नाव भेटते.

उर्दू आणि मोडी कागदांचे लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावे आणि त्याच्या सहीच्या प्रतीसोबत मूळ कागदाची प्रमाणित नक्कलही जोडावी. लिप्यंतर करणाऱ्याला अपेक्षित नाव आधी सांगू नका. जे दिसते ते त्याने वाचावे.

प्रश्न : रायगड जिल्ह्यातील आमची भातशेती कुळकायद्याने मिळाली. मूळ कूळ आजोबा. ते १९५५ मध्ये वारले. कलम ३२म चे, म्हणजे कुळाने जमीन खरेदी केल्याचे, प्रमाणपत्र थोरल्या काकांच्या नावे आहे. काकांची मुले म्हणतात की जमीन वडिलांनी विकत घेतली, त्यामुळे फक्त आमची. हे बरोबर आहे का?

उत्तर : प्रमाणपत्रावर नाव एकाचे आहे, एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८ नुसार १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषकदिन, या दिवशी कूळ जमिनीचा मालक झाल्याचे मानले गेले. त्या दिवशी कूळ कोण होते, ते पाहायचे. आजोबांच्या मृत्यूनंतर कूळहक्क त्यांच्या सर्व वारसांकडे आला आणि काकांचे नाव केवळ थोरले म्हणून लागले असेल, तर त्यांनी घेतलेली मालकी सगळ्यांसाठी होती, असे तुम्ही मांडू शकता. त्यासाठी १९५५ चा कुळाच्या वारसाचा फेरफार आणि कलम ३२ग च्या (खरेदीची किंमत ठरवण्याच्या) चौकशीतील जबाब मागवा. 'आम्ही भाऊ एकत्र आहोत' असे काकांनी स्वतः त्या जबाबात सांगितल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. खरेदीच्या किमतीचे हप्ते कोणी भरले, याच्या पावत्याही शोधा. मूळ मालकीण विधवा किंवा मूळ मालक अज्ञान (अल्पवयीन) असेल, तर खरेदीची तारीख १९५७ नंतर पुढे गेलेली असते, तेही तपासावे. वाटप करायचे झाल्यास कलम ४३ ची (परवानगीशिवाय जमीन हस्तांतरित न करण्याची) अट लागू आहे का, हे सातबाराच्या 'इतर अधिकार' या रकान्यात पाहून घ्या.

प्रश्न : आमच्या सांगली जिल्ह्यातील गावी काही वर्षांच्या अंतराने हेळवी येतात आणि आमच्या घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीतही आमच्या पूर्वजांची नावे आहेत. जमिनीच्या कामात याला काही किंमत आहे का? शिवाय एक अविवाहित आत्या आणि एक विधवा, निपुत्रिक आत्या वारल्या आहेत. त्यांचा हिस्सा कोणाकडे जातो?

उत्तर : आत्यांचे आधी सांगतो. अविवाहित आत्याचे आई-वडील तिच्या आधी गेले असतील, तर तिचा हिस्सा वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे भाऊ-बहिणींच्या शाखांकडे येतो. विधवा आत्याला अपत्य नसेल आणि जमीन तिला आई-वडिलांकडून वारशाने मिळालेली असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५(२) प्रमाणे तीही तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत येते, सासरकडे जात नाही. तिने स्वतः विकत घेतलेल्या जमिनीला हा नियम लागू नाही. या दोघींची नावे 'निपुत्रिक मयत' अशा शेऱ्यासह वंशावळीत लिहा.

आता हेळव्यांविषयी. दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकात घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारे हे लोक आणि तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या यांबद्दल मला फार आदर आहे, कारण सरकारी दप्तर ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांचीच नोंद ठेवते, आणि हे लोक घरात कोण होते याची ठेवतात. जमीन नसलेला भाऊ, तरुणपणी वारलेला मुलगा, क्वचित लेकी-सुनाही तेथे भेटतात. कायद्यातही त्यांना जागा आहे. नात्याविषयी विशेष माहिती असलेल्या, पण आता हयात नसलेल्या व्यक्तीने केलेले विधान, वाद उत्पन्न होण्यापूर्वी केलेले असेल, तर पुराव्यात घेता येते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ मध्ये हे होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ मध्ये आहे. 'वाद उत्पन्न होण्यापूर्वी' या शब्दांकडे नीट लक्ष द्या. पूर्वजाने साठ वर्षांपूर्वी त्र्यंबकेश्वरी स्वतः सांगून लिहवलेली नावे आणि स्वहस्ते केलेली सही यांचे वजन मोठे आहे. दावा लागल्यानंतर वहीत भरून घेतलेल्या ओळीला काहीच वजन नाही. अशी वही एकटी पुरेशी नसते. तिच्यातून नाव आणि नाते मिळवायचे आणि त्याला फेरफार, कोतवाल बुक किंवा शाळेच्या दाखल्याचा जोड शोधायचा.

पुढच्या वेळी हेळवी आले की त्यांना अंगणातून पसाभर धान्य देऊन निरोप देऊ नका. घरातील आणि दोन्ही चुलत घरांतील वृद्धांना बोलावून बसवा, वाचन पूर्ण ऐका, ध्वनिमुद्रण करा, आणि वहीच्या ज्या पानावर तुमचे घराणे आहे, त्याचे छायाचित्र त्यांच्या परवानगीने घ्या. ऐकताना एखाद्या नावाबद्दल वृद्धांचे एकमत झाले नाही, तर दोन्ही मते लिहून ठेवा. त्याखाली दिनांक घालून उपस्थित सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घ्या, आणि एक-एक प्रत तिन्ही घरी द्या.